ताटली धुवायची नसते

डुक्कर मारायला आलेला जॉब टास्कर सुऱ्यांचं गाठोडं घेऊन परसात शिरला तेव्हा थर्झा मॉल्टबीनं त्याला विचारलं, ईनॉक नाही म्हणून तुझं काही अडणार नाही ना? जॉब म्हणाला, अडायचं काय त्यात, डुकराला थोडंच ठाऊक आहे कोण गेलं ते. मग आपण जरा जास्तच बोललो असं त्याला वाटलं असावं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि मुकाट्यानं दोऱ्या सोडवायला बसला.

थर्झाचा नवरा ईनॉक वारला त्याला महिना होत आला होता. पण डुक्कर त्याचं होतं. वसंतात पिल्लू म्हणून आणलेलं, बटाट्याची सालं आणि सातूचं पीठ घालून त्यानं पोसलेलं. अंथरुणाला खिळल्यावरही तो खिडकी उघडी ठेवायला लावायचा, का तर त्याची गुरगुर ऐकू यावी म्हणून. डॉक्टर वारा लागेल म्हणायचा, ईनॉक लागू दे म्हणायचा. आता ते डुक्कर ठेवणार कुठे? घरच राहणार नव्हतं.

घर मॉल्टबींचं कधीच नव्हतं म्हणा. ते शेताच्या मालकाचं, घोड्यांच्या मुख्य गड्यासाठी बांधलेलं. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, तरी म्हाताऱ्याला ऊठ असं कुणी म्हटलं नाही. आता तो स्वतःच उठून गेला होता आणि नव्या ट्रॅक्टरवाल्याची बायकोमुलं नाताळाआधी तिथे राहायला यायची होती. मुकादम येऊन सांगून गेला, घाई नाही बरं का. जाताना फाटकापाशी पुन्हा म्हणाला, घाई नाही. त्यावरूनच थर्झाच्या थोरल्या लेकीला, हेस्टरला, कळलं की घाई आहे.

हेस्टरची सोय झाली होती. पाद्रीबाबांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून जागा, छपराखालची एक खोली, एका माणसापुरती. प्रश्न होता तो आईचा. धाकटा भाऊ विल्फ शेफील्डच्या पोलाद कारखान्यात होता. लग्न होऊन त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. तो अंत्यविधीच्या दिवशीच म्हणाला होता, आई माझ्याकडे येईल. त्याच्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून दिसते ती समोरची भिंत. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात लिंकन गावच्या जत्रेपलीकडे काही पाहिलं नाही, ती त्या भिंतीकडे बघत किती दिवस काढेल, याचा हिशेब हेस्टर मनातल्या मनात करायची आणि तो अर्ध्यावर सोडून द्यायची. इथे निदान चर्चचं आवार तरी जवळ होतं. ईनॉक तिथे होता. नेडही तिथेच होता.

दुसरी वाट होती, पण तिचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर, ईनॉकची थोरली बहीण केझाया राहायची. नवऱ्यामागं तिला मिळालेलं तिचं स्वतःचं घर, चार खोल्या, एकटा जीव. आणि थर्झा तिच्याशी एकोणीस वर्षं एक शब्द बोललेली नव्हती.

नेडमुळे. सगळं नेडमुळे.

डुक्कर मारायच्या दिवशी लहान मुलांना पलीकडे आत्याकडे धाडायचं, हा मॉल्टबींचा नेम होता. हेस्टर लहान असताना तीही जायची. कानात बोटं घालून, डोळे मिटून, आत्याच्या टेबलाखाली बसायचं आणि मोठमोठ्यानं चर्चमधली गाणी म्हणायची. मग आत्या पावावर काकवी घालून द्यायची. दुपारी जॉब टास्कर डुकराचं मूत्राशय फुगवून, दोरीनं बांधून पोरांकडे फेकायचा आणि अंधार पडेपर्यंत गल्लीत त्याचा चेंडू चालायचा. जे पोर सकाळी डुकरासाठी रडलेलं असे, तेच संध्याकाळी त्याच्या फुग्याला लाथा घालत असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी हेस्टर सतरा वर्षांची होती, म्हणून आईच्या हाताखाली राहिली. दहा वर्षांचा विल्फ आणि सहा वर्षांचा नेड पलीकडे गेले. आत्याच्या वाट्याच्या मांसाची ताटली नेडनंच नेली. दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून, पाऊल मोजत. फाटकातून ओरडलाही होता, "ताटली धुवायची नसते हं आत्या!" जसं काही आत्याला ते ठाऊकच नव्हतं. अंधार फार झाला म्हणून दोघं तिथेच झोपले. नेडच्या घशाला सूज होती ती कुणी मनावर घेतली नाही. घटसर्प निघाला. पहाटे केझायानं दार ठोठावलं तेव्हा थर्झा मांसाला मीठ चोळायला उठलीच होती. डॉक्टर गावात पोचायच्या आत पोरगं गेलं.

रात्रभर पोर तळमळत होतं आणि गल्ली ओलांडून आईला बोलवायला हिला झालं नाही. थर्झानं हे एकदाच म्हटलं, कबरीपाशी, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर ताटली पलीकडे गेली नाही.

अशा त्या घरात आज पुन्हा डुक्कर मारायचं होतं, शेवटचं. आणि त्यात डोरीन आलेली. डोरीन म्हणजे विल्फची बायको, शेफील्डमध्ये वाढलेली, टॉफीच्या कारखान्यात काम केलेली गोरीगोमटी पोर. मदत करायची तिला भारी हौस. सकाळीच बाह्या सरसावून पुढे आली. थर्झानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जॉबच्या पुढ्यातच विचारलं, तुझी अडचण नाही ना चालू? डोरीन कानापर्यंत लाल झाली. पोर खोटं बोलणारी नव्हती, चालू आहे म्हणून मान हलवली. मग काय, मांसाला हात लावायचा नाही, मिठाला लावायचा नाही, कोठीत पाऊल टाकायचं नाही. नाहीतर मीठ मुरत नाही आणि मांड्या सडतात. डोरीननं विल्फकडे पाहिलं. विल्फ खिडकीबाहेर बघायला लागला. हेस्टरला तिची दया आली, पण दया येऊन काय करणार? तिनं तिला मोरीत नेलं, गरम पाण्याची बादली दिली आणि म्हणाली, इथली भांडी घासलीस तरी पुष्कळ झालं.

दुपारपर्यंत डुक्कर सोलून टांगलं गेलं. थर्झानं टेबलावर ताटल्या मांडल्या. प्रत्येकीत काळजाचे तुकडे, गुर्द्याची चकती, थोडं पोटाचं मांस, वरून चरबीची जाळी पांघरलेली. हा शेजाऱ्यांचा वाटा. त्यांची डुकरं मारली जातील तेव्हा त्यांच्याकडून येईल. हेस्टर एकेक उचलून नावं घेत होती. निळ्या काठाची एक उरली.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"पलीकडची," थर्झा म्हणाली.

विल्फचा हात थांबला. "पलीकडची म्हणजे कुणाची, आई?"

थर्झा सुरी पुसत राहिली. मग तिनं सांगितलं ते सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. केझायानं ताटली रीतीप्रमाणे परत केली, न धुता, तर मी उद्या जाऊन तिच्याकडे एक खोली मागेन. धुऊन परत केली, तर मला कळेल, आणि मग मी शेफील्डला येईन आणि तुमच्या जिन्याबद्दल तक्रार करणार नाही. त्या गावात ताटली धुऊन परत करणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं होतं. वाट्याची ताटली धुतली की डुकराचं मीठ धुतलं जातं, असं म्हणत. ज्याच्याशी कायमचं फाटलं त्याचीच कुणी धुवायचं.

"त्या बाईच्या घरात राहायला जाणार तू?" विल्फ म्हणाला. "मी होतो त्या रात्री तिथे. पलीकडच्या खोलीत. मलासुद्धा उठवलं नाही तिनं. पहाटे उठवलं, तेव्हा तो बोलतही नव्हता."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय? मी म्हातारी झाले, विल्फ. तीही झाली."

विल्फचा चेहरा हेस्टरला वाचता येत होता. आपण झोपेत असताना भाऊ गेला, हे त्याच्या मनातून कधी उतरलं नव्हतं. आत्यावर राग धरला की ते ओझं जरा हलकं होत असे, एवढंच. एरवी आई आणि विल्फ नेहमी एका बाजूला आणि हेस्टर एकटी, मनातून आत्याच्या बाजूला. आज पहिल्यांदा आई हेस्टरच्या बाजूला येऊन उभी होती आणि हेस्टरला त्याचा आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली.

हे सगळं बोलणं झालं तेव्हा डोरीन मोरीत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. जे गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत बसत नाही.

ताटली हेस्टरनं नेली. केझायानं दार अर्धं उघडलं. अंगावर नवऱ्याचा जुना कोट, डोक्यावर त्याचीच टोपी. तिनं आधी ताटलीकडे पाहिलं, मग गल्लीपलीकडच्या घराकडे, आणि ताटली घेऊन दार लावून घेतलं. बाकीच्या ताटल्या उद्या-परवा सवडीनं यायच्या होत्या. हिची कधी येणार, का येणारच नाही, देव जाणे.

मग कामाला जुंपल्या दोघी. कोठीत दगडी फरशीवर मांड्या पसरून थर्झा आणि हेस्टर मीठ चोळत होत्या. हाताच्या भेगांत मीठ जाऊन आग होत होती. ईनॉक असता तर बाहेरून काहीतरी चेष्टा केली असती, ह्या बायका नवऱ्याचे पाय कधी असे चोळत नाहीत वगैरे. दोघींनाही तेच आठवत असावं. उजेड उतरायला लागला तशी थर्झा दिवा आणायला स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ परत आली नाही म्हणून हेस्टर मागोमाग गेली.

निळ्या काठाची ताटली टेबलाच्या मधोमध होती. घासलेली, पुसलेली, लखलखीत. थर्झा तिच्याकडे बघत उभी होती, मीठ लागलेले हात अंगापासून लांब धरून.

"कोण घेऊन आलं?" हेस्टरनं विचारलं.

विल्फ चुलीपाशी बसला होता. त्याला ठाऊक नव्हतं. तो जॉबला फाटकापर्यंत पोचवायला गेला होता, परत आला तर ही इथे होती. "ठेवून गेली असेल कुणाला न दिसता," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जिंकल्याचं समाधान होतं. लगेच त्यालाच ते नको झालं असावं. तो उठून आईजवळ आला.

थर्झानं हात पुसले. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे येते मी. कधी निघायचं ते तूच सांग. मला आता ठरवायचं काही उरलं नाही."

रडली असती तरी चाललं असतं. नवरा गेला तेव्हाही ती अशीच बोलली होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. हेस्टरच्या डोक्यात तिडीक उठली. तिनं खुंटीवरचा कोट ओढला आणि विल्फ थांब थांब म्हणत असतानाच ती गल्ली ओलांडून गेलीसुद्धा.

केझायानं या खेपेला दार पुरतं उघडलं. हेस्टरच्या मागे कुणी आहे का ते तिनं आधी पाहिलं. हेस्टरनं तिला बोलू दिलं नाही. महिनाभराचं सगळं तिथेच ओतलं. आईनं किती जिवावर येऊन पाऊल पुढे टाकलं, आणि तुला काय, एक ताटली न धुता परत करता आली नाही? मेलेल्या भावाची तरी आठवण ठेवायचीस.

केझाया ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी धुतली?"

"नाहीतर कुणी?"

"तुमच्या मागच्या दाराशी जाऊन त्या गोऱ्या पोरीच्या हातात दिली मी. रक्त होतं तसं. माझ्या अंगठ्याला लागलं ते अजून आहे बघ." तिनं अंगठा पुढे केला. "सांगायचं ते सांगितलंही तिला. तेव्हापासून वाट बघतेय."

तिनं बाजूला होऊन दार आणखी ढकललं. आतल्या बाजूला, नेड जिथे गेला ती, तेव्हापासून कडी घातलेली समोरची खोली उघडी होती. तिच्यात विस्तव पेटवलेला होता. इतक्या वर्षांनी पेटवलेल्या धुराड्यातून धूर परत खोलीत येत होता आणि पलंगावरच्या चादरीची घडी अजून मोडायची होती. अगं बाई, हे काय होऊन बसलं, एवढंच तिच्या मनात आलं. "आत्या, विस्तव विझवू नकोस," ती म्हणाली आणि धावत सुटली.

घरात विल्फनं डोरीनला विचारून झालं होतं. ती डुकराच्या खोपटाकडे बादल्या रिकाम्या करून आली होती आणि आता मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहून हुंदके देत होती. कुणीतरी म्हातारी आली, पुरुषाची टोपी घातलेली, तिला वाटलं शेतावरची कुणी कामकरीण असेल. "मला दुसऱ्या कशाला हात लावू दिला नाहीत तुम्ही," ती थर्झाला म्हणत होती. "रक्तानं माखलेली ताटली आली, ती धुतली. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

विल्फ कधी नव्हे तो बायकोवर ओरडायला निघाला होता. थर्झानं हातानंच त्याला गप्प केलं. "पोरीला बोलू नकोस. तिला मोरीत मीच बसवलं." मग डोरीनला विचारलं, "काही म्हणाली का ती?"

डोरीननं नाक पुसलं. "म्हणाली, थर्झाला सांग, समोरच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलतंय आपलं काहीतरी."

समोरची खोली म्हणजे कुठली, ते त्या घरात डोरीन सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. थर्झा खुर्चीचा हात चाचपत खाली बसली.

"उघडली तिनं ती?" तिनं हेस्टरला विचारलं.

"विस्तवसुद्धा पेटवलाय."

विल्फ म्हणाला, आई, त्या खोलीत झोपशील तू? कशी झोपशील? त्याच्या आवाजात आता राग नव्हता, भीती होती. थर्झा उठली, कोठीत जाऊन काळजाचा उरलेला तुकडा घेऊन आली, तो कापून निळ्या काठाच्या ताटलीत मांडला, चरबीची जाळी वरून नीट पसरली. डोरीन बघत होती. थर्झा तिला म्हणाली, "हे धुवायचं नसतं, बाळा. मी सांगायला हवं होतं." त्या घरात आल्यापासून डोरीनला पहिल्यांदाच कुणी बाळा म्हटलं होतं. ती आणखीच रडायला लागली.

हेस्टरनं कंदील धरला. गल्लीत चिखल गोठायला लागला होता. थर्झा ताटली दोन्ही हातांत धरून पाऊल मोजत चालली आणि हेस्टरला तिच्याकडे बघवेना. तिनं कंदिलाच्या उजेडाकडेच नजर ठेवली.

केझाया दारातच होती. तिनं ताटली घेतली, आत जाऊन आपल्या कढईत रिकामी केली आणि तशीच, ओलीलाल, थर्झाच्या हातात परत दिली. मग केझाया समोरच्या खोलीत गेली आणि थर्झा तिच्या मागोमाग.

पलंग खिडकीखाली होता. थर्झा त्याच्या काठावर बसली, ताटली मांडीवर. धुरानं डोळे चुरचुरत होते, निदान हेस्टरनं तसं समजून घेतलं.

"मला का नाही उठवलंस?" थर्झानं विचारलं.

हेस्टरला तेव्हा कळलं की हे विचारायचंच राहून गेलं होतं. आईनं आरोप केला होता, गावानं चघळलं होतं, विल्फ मनात धरून बसला होता. विचारलं कुणीच नव्हतं.

केझायानं टोपी काढली. खाली केस पार विरळ झाले होते. "मी कोट घातला होता," ती म्हणाली. "दारापर्यंत गेले होते. त्यानं हाक मारली. म्हणाला, आईला उठवू नको आत्या. ती आज फार दमलीय, सकाळी तिला मीठ चोळायचंय." ती थांबली. "सहा वर्षांच्या पोराचं ऐकलं मी, थर्झा. त्याला इतकं वाटत होतं म्हणून ऐकलं. मग तुला कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? तुझ्यासाठीच थांबलं पोर, हे सांगायचं होतं?"

विस्तवात लाकूड खाली बसलं. मग थर्झाचे खांदे हलायला लागले. नवऱ्याला पुरलं तेव्हा जे आलं नव्हतं ते सगळं आता आलं, आवाजासकट. केझाया जवळ गेली नाही. ती पलंगाच्या दुसऱ्या काठावर जाऊन बसली, पाठ थर्झाकडे करून, आणि तीही रडत होती.

"असंच म्हणाला असेल तो," थर्झा शेवटी म्हणाली. "तसाच होता."

तिनं ताटली उचलून हेस्टरकडे दिली. घरी घेऊन जा म्हणाली, आहे तशी, आणि येताना माझी उशी आण.